चाळणीतल्या सात बिया

सातवी बी हुस्नाबाईच्या दाताखाली सापडली.

कडक् असा आवाज झाला आणि ती गाल धरून खालीच बसली. "दात गेला वं बाई माझा!"

"थुंक!" मी ओरडले. "गिळू नको हुस्नाबाई, थुंक आधी!"

ती माझ्या ओंजळीत थुंकली. पिकलेल्या केळ्याचा लगदा, थोडं रक्त आणि त्यात मिरीएवढी एक काळी बी. मी ती पाण्याखाली धरली आणि खरं सांगते, रडायचीच बाकी राहिले. त्या हंगामात आम्ही चारशे बारा घडांवर हाताने पराग लावला होता. मग ते घड पिकवले, एकेक केळं सोललं, कुस्करलं, चाळणीवर धुतलं. चाळीस हजारांच्या वर केळी झाली असतील. त्यातून मिळाल्या होत्या सहा बिया. ही सातवी.

"प्रयोगाची केळी खायची परवानगी कुणी दिली यांना?"

मागे डॉक्टर ढगे उभे होते. आमच्या केंद्राचे प्रमुख. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी वजनात फसवल्यासारखा भाव.

"साहेब, मी कायले खाईन?" हुस्नाबाई म्हणाली. "चव पाहिली जरा."

"तिने खाल्लं म्हणून बी सापडली," मी म्हटलं. "चाळणीतून निसटली असती."

"म्हणजे चाळण नीट धरत नाही तुम्ही. तसं लिहून द्या मला." त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे."

ही गोष्ट १९९२ सालची. रावेरच्या पुढे, तापीकाठी आमचं लहानसं संशोधन केंद्र होतं. मी तिथे कनिष्ठ सहायक. काम एकच, केळीचा संकर. आमच्या भागातली बसराई केळी करप्याने जळत होती. पानं वाळायची, घड अर्धवट पोसायचे. आसामातून आणलेली एक रानकेळ मात्र करप्याला भीकच घालत नव्हती. तिचं फळ खायच्या कामाचं नाही, नुसत्या बिया. बसराईचं उलटं. फळ गोड, आणि बी म्हणून नाही. या दोघींचं लग्न लावायचं होतं. रोज पहाटे हुस्नाबाई तडवी आणि तिच्या अकरा बायका शिड्या घेऊन बागेत शिरायच्या. केळफुलाचं पातं वर उचललं की आतल्या कोवळ्या फण्यांवर रानकेळीचा पराग फिरवायचा आणि घडाला पिशवी बांधायची. सातपुड्याच्या पायथ्याची ती बाई शिडीवर अशी चढायची की मी खालून नुसती बघत राहायची. मार्चअखेर समिती येणार होती. तोवर एकही संकरित रोप दिसलं नाही तर हे काम बंद होणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आणि त्या वर्षी आमच्यावर ढगे आले.

माणूस ज्वारीचा. परभणीकडे बावीस वर्षं ज्वारीचे वाण काढले, बढती मिळाली आणि केळीवर येऊन पडला. केळ्याला हात लावला की रुमालाला हात पुसायचे. डबाही ज्वारीच्या भाकरीचाच. आल्या आल्या त्यांनी माझा प्रशिक्षणाचा अर्ज 'आवश्यकता नाही' असं लिहून परत केला. मी त्यांच्या ज्वारीच्या एका लेखातली आकडेमोडीची चूक भर बैठकीत दाखवली. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो, तेही शक्यतो चिठ्ठीने. मला ते आवडत नव्हते असं म्हणणं फार सभ्य झालं. त्यांची चप्पल व्हरांड्यात वाजली तरी माझ्या कपाळाची शीर उडायची.

त्या दिवशी मात्र बोलावंच लागलं. त्यांनी सातही बिया टिपकागदावर ओळीने मांडल्या.

"चार दिवस सावलीत वाळवायच्या. मग बुरशीनाशक पावडर चोळून कुंडीत पेरायच्या."

"वाळवायच्या?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सर, वाळवल्या तर मरतील त्या."

"बी वाळवल्याशिवाय पेरतात का कुठे?"

"ज्वारीचं पेरत नसतील. ही केळी आहे. यांच्यात गर्भ असला तरी त्याला पोसणारं दूध बहुतेक नसतंच. आत्ताच्या आत्ता गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवायला हवा. परदेशात असंच करतात, मी लेख आणून ठेवला होता तुमच्या टेबलावर."

"पाहिला मी तो लेख."

"पाहिलात की वाचलात?"

हुस्नाबाई गाल धरून तशीच दारात उभी होती. ढगेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भंगाळे बाई," ते म्हणाले, "तुमच्याकडे निर्जंतुक खोली आहे? प्रशिक्षण आहे?"

"प्रशिक्षणाचा अर्ज कुणी परत केला?"

"तेच म्हणतोय मी. नाहीये. सात बिया आहेत. तुमच्या हौसेखातर त्या ब्लेडने कापू देणार नाही. विषय संपला. जा तुम्ही."

मी गेले. रानकेळीच्या बागेत जाऊन एका वाळक्या खोडाला दोन लाथा घातल्या. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हेच जास्त झोंबत होतं. पण वाळवायचं? चाळीस हजार केळी कुस्करून या माणसाला त्या सात जिवांचा पापड करायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी रानकेळीच्या पिकल्या घडातून सात बिया काढल्या. त्याच रंगाच्या, त्याच मापाच्या. हुस्नाबाईने पाहिलं आणि तिच्या लगेच लक्षात आलं.

"बाई, ही चोरी व्हय."

"जीव वाचवणं आहे हे."

"साहेबाले समजलं तं?"

"त्याला ज्वारी सोडून काही समजत नाही."

"तुमचं दोघांचं भांडन, आन मरन आमचं. काम बंद झालं तं आमच्या बारा जनींनी कुठी जावं?"

"म्हणूनच करतेय ना. तू फक्त दारात उभी राहा."

ती उभी राहिली, पण माझ्याकडे पाठ करून. दुपारी एकच्या ठोक्याला ढगे डबा घेऊन निंबाखाली जात आणि अर्ध्या तासाने परतत. मी त्यांच्या खोलीत शिरले. खिडकीत टिपकागदावर बिया होत्या. आमच्या सात उचलल्या, रानटी सात ठेवल्या. तशाच ओळीने, तेवढ्याच अंतरावर. मिनिटही लागलं नाही. भीती वाटली नाही. उलट मला आनंद झाला होता, आणि तो बियांचा कमी आणि ढगेंना फसवल्याचा जास्त होता. हे मी आज कबूल करते.

बिया ओल्या कापसात गुंडाळून मी तालुक्याच्या कॉलेजात नलिनीकडे गेले. नलिनी अत्तरदे माझी वर्गमैत्रीण, तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिच्याकडे काच लावलेली एक लाकडी पेटी होती, आत स्पिरिटचा दिवा. आम्ही नारळपाणी, साखर आणि क्षार घालून खीर शिजवावी तसं खाद्य शिजवलं आणि नळ्यांमध्ये ओतलं.

"नोकरी जाईल गं तुझी," नलिनी म्हणाली.

"कापू दे आधी."

पहिली बी पोकळ निघाली. दुसरीत नुसतं पाणी. तिसरीत गर्भ होता, पांढरा, अळंबीच्या छत्रीसारखा, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा. चौथी पुन्हा पोकळ. सातातून चार गर्भ मिळाले. चार नळ्या झाल्या. मी त्यांच्यावर तारीख घातली आणि घरी जाऊन दोन दिवसांचं जेवण एकदम जेवले.

इकडे ढगेंनी त्यांच्या वाळवलेल्या बिया सात कुंड्यांत पेरल्या आणि जर्मिनेटरमध्ये ठेवल्या. हे जर्मिनेटर म्हणजे बी उगवण तपासायचं कपाट. हवं तेवढं तापमान धरून ठेवायचं, वीज गेली तर जनरेटरवर चालायचं. अख्ख्या तालुक्यात तसं दुसरं नव्हतं. ढगे रोज सकाळी ते स्वतः उघडत, वहीत काहीतरी लिहीत आणि बंद करत. मी शेजारून जाताना मुद्दाम हसत असे.

माझ्या पहिल्या दोन नळ्यांत आठवड्याभरात बुरशी आली. तिसरा गर्भ काळा पडला. चौथा तेविसाव्या दिवशी हिरवा झाला. नलिनीने भिंग माझ्या हातात दिलं, मी पाहिलं, आणि आम्ही दोघी प्रयोगशाळेत लहान पोरींसारख्या नाचलो. पुढे त्याला कोंब आला, मग नखाएवढं एक पान. बसराईचं आणि रानकेळीचं मूल. आमच्या केंद्राने पाहिलेलं पहिलंच.

मी ते कुणालाच सांगितलं नाही, हुस्नाबाईलासुद्धा. ती विचारायची, "बाई, काही हाये का?" मी म्हणायची, "बघू." मला ते रोप समितीच्या टेबलावर ठेवायचं होतं, ढगेंच्या समोर. त्या वेळचा त्यांचा चेहरा मी रोज झोपण्यापूर्वी डोळ्यांपुढे आणत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ढगेंच्या कुंडीत एक कोंब वर आला. ते स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"उगवलं," ते म्हणाले. "वाळवून. बोला आता भंगाळे बाई."

"अभिनंदन, सर."

"अभिनंदन नकोय मला. तुमचा तो लेख परत घेऊन जा."

मी लेख उचलला आणि हसू दाबत बाहेर आले. आठ दिवसांत दुसरं उगवलं, मग तिसरं, मग एकदम दोन. सातातून पाच. पाचवं आल्यावर ढगे बोलायचे बंद झाले. त्यांनी कुंड्या जर्मिनेटरमधून काढून जाळीच्या शेडमध्ये नेल्या आणि शेडला कुलूप घातलं. मला वाटलं, गर्व. आता साहेब कुणाला जवळ येऊ देणार नाहीत. दुरून जाळीतून बघितलं तर रोपांच्या खोडांवर रानकेळीचे काळे ठिपके स्पष्ट दिसत होते. मी मनात म्हटलं, येऊ दे समिती. एका वाक्यात तुमची बावीस वर्षं धुऊन काढते.

होळीच्या दोन दिवस आधी नलिनीचा निरोप आला. मी गेले तर ती काळजीत होती.

"उद्यापासून चार दिवस कॉलेज बंद. आमचा शिपाई सुट्टीत मेन स्विच पाडून जातो, प्राचार्यांचा हुकूमच आहे. खोली भट्टी होईल. हे रोप हलव."

"कुठे हलवू?"

"तुमच्या केंद्रात जर्मिनेटर आहे ना? रिकामंच आहे म्हणालीस."

"त्याच्या दारात घेऊन जाऊ हे?"

"प्रमिला, चार दिवसांचा प्रश्न आहे. सांगून टाक त्यांना. फार तर ओरडतील."

"मेले तरी सांगणार नाही. शिपायाला सांग ना तू, स्विच राहू दे म्हणून."

"सांगते. पण तो ऐकेलच असं नाही."

मी नळी ओल्या गोणपाटात गुंडाळली, माठाच्या आडोशाला खाली ठेवली आणि घरी आले. रोप हातात घेऊन बसने केंद्रावर जायला पाऊण तास लागला असता. तेवढा पाऊण तास माझ्या स्वभावात नव्हता.

शिपायाने स्विच पाडला. पाचव्या दिवशी दार उघडलं तेव्हा आतली हवा तोंडावर आली. नळीतलं खाद्य आटून पिवळं पडलं होतं. पान तपकिरी. मी नळी उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली. नलिनीने एक शब्द जरी काढला असता तर मी तिच्याशीही भांडले असते.

मला दुःख झालं का? झालं. पण त्याच्या दुप्पट राग आला, आणि तो सगळा मी ढगेंच्या नावावर टाकला. हा माणूस नसता तर मला चोरून करावं लागलं नसतं. आता माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. पण त्यांना पाडायला पुष्कळ होतं.

समिती सत्तावीस मार्चला आली. तिघे जण, एक जीप. ते चहा घेत होते तेव्हा ढगे माझ्या टेबलाशी आले. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याकडे सरळ बघत होते.

"सांगण्यासारखं काही आहे?"

"माझ्याकडे? माझ्याकडे काय असणार?"

"नीट विचार करून सांगा. आत गेल्यावर उपयोग नाही."

"तुमचंच सांगा ना सर. तुमचं उगवलंय."

मग फाईल काखेत मारून आत गेले. मीही मागोमाग गेले. दारापाशी हुस्नाबाई आणि तिच्या बायका उन्हात बसल्या होत्या. निकाल ऐकायला आल्या होत्या. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं: 'साहेब, या रोपांच्या खोडावरचे ठिपके एकदा बघून घ्या.' बस्स, एवढंच. पुढचं आपोआप झालं असतं.

अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टर ढगे, किती बिया मिळाल्या?"

"सात."

"आणि उगवण?"

"शून्य."

मला आधी वाटलं, चुकून म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते फाईलकडे बघत होते.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"कारण?"

"बिया वाळवल्या. वाळवायला नको होत्या. भंगाळे बाईंनी तसं सांगितलं होतं. निर्णय माझा होता."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "असं आहे का, बाई?"

माझं तयार वाक्य तसंच राहिलं. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कुणास ठाऊक. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. संकराचं काम बंद, मजूर कमी, रानकेळीची बाग मोडून तिथे बसराईच लावायची. बाहेर येऊन हुस्नाबाईला ते मलाच सांगावं लागलं.

"एकबी नाही उगवलं?" तिने विचारलं. "त्या शेडीत तं पाच होते. मी पाहिले."

तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, शिडी उचलली, कोठीत नेऊन ठेवली आणि बायकांना घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या बायका दुसऱ्यांच्या बागेत घड वाहायला जाऊ लागल्या.

जीप गेल्यावर मी शेडकडे धावले. कुलूप उघडं होतं. ढगे उकिडवे बसून कुंड्यांतली माती एका टोपलीत रिकामी करत होते. पाचही रोपं उपटून बाजूला टाकलेली होती.

"का केलंत असं?" मी विचारलं. "दाखवली का नाहीत?"

"काय दाखवू? रानकेळ?" त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "सातातून पाच उगवतात होय संकराच्या? मी ज्वारीचा असलो तरी इतकाही ज्वारीचा नाही."

"म्हणजे तुम्हाला..."

"तिसरं उगवलं तेव्हाच कळलं. पाचव्याला खात्री झाली. तुमचा तो लेख परत देण्याआधी वाचला असता तर पहिल्यालाच कळलं असतं."

"मग मला धरलं का नाही?"

"धरून काय मिळालं असतं? बिया तुमच्याकडे होत्या." आता त्यांनी वर पाहिलं. इतका राग मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिला नव्हता, आणि आमच्यात रागाची काही कमी नव्हती. "मी वाट पाहत होतो. आज आणेल, उद्या आणेल. सकाळी विचारलंसुद्धा. तुमची चोरी सांगितली असती तरी काम आज बंदच झालं असतं, वर तुम्हीही गेला असता. मग दुसऱ्या कुणाला हे कधी जमलं नसतं. चोरलंत ते चोरलंत, बाई. उगवून तरी आणायचं होतंत!"

"उगवलं होतं," मी म्हटलं.

त्यांच्या हातातली कुंडी तशीच राहिली.

"किती?"

"एक. होळीच्या सुट्टीत गेलं. कॉलेजात. वीज बंद होती."

त्यांनी कुंडी खाली ठेवली. 'माझ्याकडे का नाही आणलंत' असं ते विचारतील आणि मला सांगता येणार नाही, याची मला भीती वाटत होती. त्यांनी ते विचारलं नाही.

"पान आलं होतं?"

"एक. नखाएवढं."

"वरून कसं होतं?"

"हिरवं. बसराईसारखं रुंद."

"आणि खालून?"

"खालून तांबडं," मी म्हटलं. "रानकेळीसारखं."

ढगेंनी मान खाली घातली. मातीचे हात गुडघ्यांवर तसेच होते.

"बापावर गेलं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी कुंडी उपडी केली, माती झटकली आणि दुसरी कुंडी ओढली.

"जा तुम्ही आता. पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."